जानेवारीतलं क्रीट, खंड्याची गोष्ट आणि उन्हाचा भरवसा

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचं एक कुटुंब, सोबत सत्तरी ओलांडलेले आई-बाबा, 10 ते 18 जानेवारी ग्रीसच्या क्रीट बेटावर जायचा बेत. ग्रीसमध्ये भर हिवाळ्यात चौदा दिवस वारा पडतो, समुद्र शांत होतो आणि लोक स्वेटर काढून उन्हात बसतात, असं त्यांच्या वाचनात आलं. तिथे या दिवसांना अल्किओनी नावाच्या पक्ष्यावरून ‘अल्किओनीदेस’ म्हणतात. हे दिवस नेमके कधी येतात, त्यात आपल्या तारखा बसतात का, त्या शांत समुद्रातून बोटीनं सँटोरिनी बेट करता येईल का, बाबांना पाण्यात उतरता येईल का, आणि त्यामागची पक्ष्याची गोष्ट खरी आहे का, असं सगळं विचारलं आहे.

मी हिवाळ्यात क्रीटला छोटे गट घेऊन जाते. बहुतेक आपल्याकडचेच लोक, त्यातही निवृत्तीनंतर फिरायला निघालेले जास्त. त्यामुळे हा प्रश्न मला दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे कुणीतरी विचारतंच. असे दिवस खरोखर येतात, त्यात भाकडकथा काही नाही. पण त्यांना तारीख नसते, आणि सलग चौदा तर क्वचितच मिळतात. कधी तीन दिवस, कधी आठवडा, मग पाऊस, मग पुन्हा दोन दिवस. एखाद्या वर्षी नाव घेण्यासारखं काही येतच नाही. आपल्या पावसाळ्यात उघडीप पडते ना, तसंच समजा. श्रावणात उघडीप असते हे सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून कुणी लग्नाचा मांडव मोकळ्या मैदानात घालत नाही.

तुमचा प्रश्न हवामानाचा वाटतो, पण अडचण वेगळीच आहे. अथेन्सचा माणूस बुधवारी अंदाज बघतो, शुक्रवारी बॅग भरतो. हे दिवस त्याच्यासाठी आहेत. आपल्याला शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या किमान 15 दिवस आधी द्यावा लागतो. प्रत्यक्षात अपॉइंटमेंट, हॉटेलचं बुकिंग, विमानाची तिकिटं हे सगळं दोन-तीन महिने आधीच ठरलेलं असतं. आणि हवामानाचा भरवसा धरावा असा अंदाज पाच-सात दिवसांच्या पलीकडे जात नाही. म्हणजे तुम्ही पैसे भरता तेव्हा कुठलाही हवामानतज्ज्ञ तुम्हाला काही सांगू शकत नाही. तेव्हा ‘कधी येतात’ हे शोधण्यापेक्षा ‘आले नाहीत तरी सहल चांगली व्हावी, आणि आले तर एकही दिवस वाया जाऊ नये’ अशी आखणी करावी. मी तेच करते.

आता हे दिवस मुळात येतात कसे ते सांगते, कारण ते कळलं की तिथे पोचल्यावर आकाश वाचता येतं.

भूमध्य समुद्राचा हिवाळा म्हणजे पावसाळा. पश्चिमेकडून एकामागून एक कमी दाबाची क्षेत्रं येतात, बरोबर ढग, पाऊस आणि जोरदार वारे आणतात. क्रीटच्या डोंगरांवर तेव्हा बर्फ पडतं. प्सिलोरितिस 2456 मीटर, ‘पांढरे डोंगर’ही जवळजवळ तेवढेच उंच, आणि नावाला जागून हिवाळाभर पांढरे. अशा दोन वादळांच्या मध्ये कधीकधी बाल्कन प्रदेशावर किंवा मध्य भूमध्य समुद्रावर जास्त दाबाचं क्षेत्र येऊन ठाण मांडतं. तिथली हवा वरून खाली बसत जाते, ढग विरतात, दाबातला फरक कमी झाल्यामुळे वारा पडतो. गंमत अशी की हवा खूप गरम झालेली नसते. क्रीटच्या उत्तर किनाऱ्यावर जानेवारीतलं दुपारचं सरासरी तापमान 15 अंशांच्या आसपास असतं. या दिवसांत ते 17-18, फार तर 20 पर्यंत जातं. पण वारा नसल्यामुळे ऊन अंगाला लागतं, आणि तेवढ्यानंच लोक बंदरावरच्या खुर्च्या भिंतीपासून ओढून उन्हात आणतात.

याची किंमत रात्री मोजावी लागते. ढगांचं पांघरूण नसल्यानं जमिनीतली ऊब निघून जाते. समुद्रकाठी गारठा, आणि आतल्या पठारांवर, म्हणजे लासिथी किंवा ओमालोसला, सकाळी दव गोठलेलं. ‘उन्हाळ्यासारखे दिवस’ असं ऐकून आलेले लोक पहिल्याच रात्री माझ्याकडे शाल मागतात.

एक बारकावा लक्षात ठेवा. जास्त दाबाचं क्षेत्र आलं म्हणजे शांतता आलीच असं नाही. तेच क्षेत्र थोडं उत्तरेला सरकलेलं असेल आणि तुर्कस्तान-सायप्रसच्या बाजूला कमी दाब असेल, तर दोन्हींच्या मधल्या एजियन समुद्रात उत्तरेचा वारा असा सुटतो की बोटी बंदरातून हलत नाहीत. वर निळंशार आकाश, आणि उत्तर किनाऱ्यावरच्या खानिया शहरात जुन्या बंदराच्या कठड्यावरून लाटा थेट हॉटेलांच्या दारापर्यंत. फोनवर नुसतं सूर्याचं चित्र बघून बोटीचा बेत करणारे इथे फसतात. सूर्याचं चित्र नको, वाऱ्याचा आकडा बघा.

दुसरी फसगत दक्षिणेच्या वाऱ्याची. मोठं वादळ यायच्या आदल्या दिवशी कधीकधी आफ्रिकेकडून उबदार वारा येतो. हा ‘लिवास’. डोंगर ओलांडून उत्तर किनाऱ्यावर उतरताना तो आणखी तापतो, आणि जानेवारीतही क्रीटची राजधानी हेराक्लिओमध्ये पारा पंचविशीच्या घरात जाऊ शकतो. नवखे लोक खूश होतात, ‘आले तुमचे शांत दिवस’ म्हणतात. ते शांत दिवस नव्हेत, उलट त्यांच्या अगदी विरुद्ध आहेत. आकाश पिवळट होतं, सहाराची धूळ दातांखाली कचकचते, आणि दुसऱ्या दिवशी पाऊस आला की गाड्यांवर चिखलाचे ठिपके पडतात.

मग ओळखायचं कसं? मी दोन गोष्टी बघते. पहिली, डोंगर. खरे अल्किओनीदेस असतील तर खानियातून पांढऱ्या डोंगरांची कड इतकी स्वच्छ दिसते की बर्फातल्या घळी मोजाव्यात. लिवास असेल तर डोंगर धुळीत गडप. दुसरी, धूर. नोव्हेंबर ते जानेवारी तिथे ऑलिव्हची तोडणी चालते. झाडाखाली जाळी अंथरायची, फांद्या झोडपायच्या, फळं पोत्यांत भरून तेलाच्या घाण्यावर न्यायची. छाटलेल्या फांद्यांचे ढीग शेतातच पेटवतात. शांत सकाळी तो धूर सरळ उभा वर जातो आणि एका ठरावीक उंचीवर अचानक आडवा पसरतो, त्याच्या वर जातच नाही. खाली गार हवा, वर उबदार हवा, आणि धूर त्या सीमेवर अडकलेला. असं दिसलं की मी गटाला सांगते, आज लांबचा पल्ला. आणि निघायची घाई करत नाही, कारण अशाच सकाळी घाटात बर्फाचा पातळ थर असतो. दहाच्या आत डोंगरात गाडी घालायची नाही.

तारखांचं म्हणाल, तर आजच्या ग्रीसमध्ये 15 डिसेंबर ते 15 फेब्रुवारी अशी दोन महिन्यांची खिडकी सांगतात, आणि त्यातल्या त्यात जानेवारीच्या मध्याकडे बोट दाखवतात. तुमच्या तारखा त्यात बसतात. पण ही खिडकी आहे, मुहूर्त नव्हे. चौदा दिवस हा आकडा आपल्यापर्यंत आला अ‍ॅरिस्टॉटलकडून. त्यानं लिहून ठेवलं की अल्किओनी पक्षी हिवाळी अयनाच्या, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात लहान दिवसाच्या, सुमारास वीण करतो: अयनापूर्वीच्या सात दिवसांत घरटं, नंतरच्या सातांत अंडी आणि पिल्लं, आणि तेवढे दिवस समुद्र शांत. हे सगळे उद्धृत करतात. त्याच्या पुढचं वाक्य मात्र कुणी सांगत नाही. तो लगेच म्हणतो की आपल्या भागात हे दिवस दरवेळी येतातच असं नाही, सिसिलीच्या समुद्रात मात्र जवळजवळ नेमानं येतात. तेवीसशेहून जास्त वर्षांपूर्वीच ग्रीक माणसानं स्वतःच्या समुद्राबद्दल हमी द्यायला नकार दिला आहे. तुमच्या ट्रॅव्हल एजंटनं दिली असेल तर त्याला हे जरूर ऐकवा.

आता पक्ष्याची गोष्ट. अल्किओनी ही वाऱ्यांचा राजा एओलस याची मुलगी, तिचा नवरा कीक्स. ओविड या रोमन कवीच्या कथेत कीक्स देवाचा कौल घ्यायला समुद्रापार निघतो. बापाच्या घरी वारे कोंडलेले पाहिलेली अल्किओनी त्याला परोपरीनं सांगते की जाऊ नकोस, मी या वाऱ्यांना ओळखते. तो जातो, वादळात बुडतो. ती मात्र रोज देवीपुढे त्याच्या सुखरूप येण्यासाठी धूप जाळत बसते, आणि मेलेल्या माणसासाठीची ती प्रार्थना देवीलाच ऐकवेना, म्हणून स्वप्नातून तिला खरं कळवलं जातं. पहाटे ती किनाऱ्यावर जाते तर प्रेत लाटांवरून येताना दिसतं. ती धक्क्यावरून उडी टाकते आणि पाण्याला लागायच्या आत पक्षी होते. तोही होतो. मग हिवाळ्यात तिची वीण असते तेवढे दिवस एओलस वारे कोंडून धरतो, नातवंडांसाठी. दुसरी एक जुनी कथा याहून कडक आहे: नवरा-बायको एकमेकांना झ्यूस आणि हेरा, म्हणजे देवांचे राजा-राणी, म्हणायला लागले, म्हणून झ्यूसनं चिडून त्यांचे पक्षी केले. मला स्वतःला पहिली आवडते, पण खरं सांगायचं तर दोन्हींतली एकही क्रीटची नाही. कीक्स मुख्य भूमीवरच्या त्राखिसचा राजा. शांत दिवस मात्र सगळ्याच बेटांनी आपलेसे केले.

गोष्ट खरी का? हा पक्षी म्हणजे आपला छोटा खंड्या, निळा आणि नारिंगी, असं बहुतेक जण मानतात. तो समुद्रावर तरंगतं घरटं बांधत नाही आणि डिसेंबरात अंडीही घालत नाही. नदीकाठच्या मातीच्या कड्यात बीळ खोदतो, तेही वसंतात. मग ही समजूत आली कुठून? माझा तर्क असा. क्रीटवर खंड्या प्रामुख्यानं हिवाळ्यातच दिसतो. उत्तरेकडचे ओढे गोठले की किनाऱ्यावर येतो, खडकांवर, बंदरात, नदीच्या मुखाशी बसतो, आणि वसंतात निघून जातो. किनाऱ्यावरच्या माणसानं त्याला हिवाळ्यात समुद्रावर पाहिला आणि घरटं कधीच पाहिलं नाही. पाणी ढवळलेलं असताना त्याला मासा दिसत नाही; शांत, नितळ दिवशी तो ठळकपणे समोर येतो. पक्षी आणि शांतता एकत्र दिसल्यावर कोणामुळे कोण हे ठरवायला गोष्ट लागली.

घरट्याचंही तसंच. अ‍ॅरिस्टॉटल ते समुद्री चेंडूसारखं असतं म्हणतो, आणि सुईसारख्या माशाच्या काट्यांचं असावं असा अंदाज करतो. हिवाळ्यात क्रीटच्या वाळूवर असे चेंडू तुम्हाला खरोखर सापडतील: तपकिरी, लिंबाएवढे, केसाळ. पोसिडोनिया नावाच्या समुद्री गवताचे तंतू लाटांनी वळून वळून गोल झालेले असतात. हातात घेतला तर काही वजनच नाही, दाबला तर पुन्हा फुगतो. कुणाला हे पक्ष्याचं काम वाटलं तर नवल नाही. आणि काट्यांचा अंदाज तर अगदीच हवेतला नव्हता: खंड्याच्या बिळात त्यानंच ओकून टाकलेल्या माशांच्या काट्यांचा थर असतो.

आपल्याकडच्या पक्षीवाल्यांसाठी जाता जाता: कोकणात पावसाबरोबर येणारा, रायगडचा जिल्हा पक्षी असलेला तिबोटी खंड्या शास्त्रीय नावानं याच कीक्सचा नामधारी आहे. वादळात बुडालेल्या राजाचं नाव लावणारा पक्षी आपल्याकडे घरटं करायला नेमका जून गाठतो.

गावांतून मात्र ही राजाराणीची कथा फारशी कुणी सांगत बसत नाही. तिथे हिवाळ्यातल्या उन्हाबद्दल बोलणं निघालं की सूर सावध असतो. बदाम जानेवारीच्या अखेरीस फुलायला लागतो, त्याला ‘वेडा’ म्हणतात, कारण दोन दिवसांच्या उन्हाला भुलतो आणि मग थंडीत मोहर गमावतो. फेब्रुवारीबद्दलची एक म्हण आहे, तिचा आशय असा की त्याला उन्हाळ्याचा वास येतोच, पण चिडला तर बर्फात गाडेल. आणि एका म्हातारीची गोष्ट सगळीकडे ऐकू येते. शेळ्या राखणारी ही म्हातारी मार्च संपला तेव्हा त्याला टोमणा मारते, की माझी करडं सुखरूप, तुझ्यानं काही झालं नाही. मार्च चिडून फेब्रुवारीकडून दिवस उसने घेतो आणि त्या उसन्या दिवसांत म्हातारी शेळ्यांसकट गोठून दगड होते. म्हणून फेब्रुवारी लंगडा. मला विचाराल तर बेटावरच्या हिवाळ्याचं वर्णन या म्हातारीच्या गोष्टीत अल्किओनीपेक्षा जास्त नेमकं आहे.

तुमच्या सहलीकडे येऊ. सँटोरिनी सोडून द्या. हेराक्लिओहून तिकडे जाणाऱ्या वेगवान बोटी उन्हाळी हंगामापुरत्या असतात. समुद्र कितीही शांत असला तरी जानेवारीत त्या धावत नाहीत, आणि तिथली बरीच हॉटेलंही बंद असतात. सामारियाची घळही हिवाळ्यात बंद. अथेन्सचं बंदर पिरेउस ते क्रीट रात्रीची मोठी बोट वर्षभर चालते, पण वाऱ्याचा जोर बोफोर्ट मापावर साधारण 8 च्या वर गेला की तीही थांबवतात. आई-बाबा सोबत असताना मी अथेन्सहून विमानच घेईन. आणि परतीचं भारताचं विमान असेल त्याच्या आदली रात्र अथेन्समध्येच काढा.

क्रीटवर मुक्काम दोनच ठेवा: पाच रात्री खानिया, दोन हेराक्लिओ. रोज बॅगा उचलल्या तर चांगला दिवस नेमका प्रवासात जातो. मी प्रत्येक मुक्कामासाठी दोन याद्या करते. पावसाच्या यादीत खानियाचं नवं पुरातत्त्व संग्रहालय, हेराक्लिओचं मोठं संग्रहालय, शेकोटीपाशी बसून लांबलेलं जेवण. उन्हाच्या यादीत फालासार्नाचा किनारा, आप्तेराचे अवशेष, आणि सगळ्यात वर दक्षिणेची सफर: घाट चढून स्फाकियाला उतरायचं, समोर लिबियाचा समुद्र, पाठीशी बर्फ. क्नोसोस, म्हणजे प्राचीन राजवाड्याचे अवशेष, उघड्यावर असलं तरी ढगाळ दिवशीही छान होतं, तिथे कोरडं असलं म्हणजे पुरे. रोज रात्री वाऱ्याचा अंदाज बघून दुसऱ्या दिवसाची यादी निवडायची. दिवस लहान असतो, उजाडतं साडेसातनंतर आणि मावळतं साडेपाचच्या सुमारास, त्यामुळे एका दिवशी एकच मोठी गोष्ट. पूर्वेकडे पाऊस पश्चिमेपेक्षा कमी, पण पहिल्या खेपेला खानिया चुकवू नये असं माझं मत.

हॉटेल ठरवताना समुद्र दिसतो का हे नंतर विचारा, आधी खोलीत हीटिंग आहे का आणि ते रात्रभर चालू राहतं का हे लेखी विचारा. बऱ्याच खोल्या उन्हाळ्यासाठी बांधलेल्या असतात, फरशी संगमरवरी, भिंती दगडी. बाहेर ऊन असलं तरी आत पाय गारठतात. आईंसाठी जाड मोजे आणि घरात घालायच्या चपला घ्याच. शाकाहाराची चिंता नको. हा रानभाज्यांचा हंगाम, उकडलेला पाला ऑलिव्ह तेल आणि लिंबू घालून देतात, त्यात स्तामनागाथी मिळाली तर सोडू नका.

बाबांच्या पोहण्याचं: जानेवारीत पाणी 16-17 अंशांचं असतं. तिथले काही ज्येष्ठ लोक रोज उतरतात, पण त्यांना वर्षभराची सवय आहे. बाबांना रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. नसेल तर वारा नसलेल्या दुपारी, वाळूच्या किनाऱ्यावर, गुडघाभर पाण्यात आणि टॉवेल हाताशी ठेवून.

आणि तारखा अजून हलवता येत असतील तर एक सुचवते. उन्हाच्या आशेनं हलवू नका, 10 काय आणि 20 काय, सारखंच. पण 6 जानेवारीला एपिफनीचा सण असतो. धर्मगुरू बंदरात क्रूस फेकतात, तरुण पोरं त्या गार पाण्यात उड्या टाकून तो वर काढतात, आणि नाताळपासून गावात धुडगूस घालणारी काल्लिकांजारी नावाची भुतं पाणी पवित्र झाल्यावर पळून जातात असं मानतात. 4 ते 12 जानेवारी केलंत तर हे खानियाच्या बंदरावर उभं राहून बघता येईल. पाऊस असला तरी होतं. फक्त त्या दिवशी दुकानं बंद असतात, आणि बंदरालगतची खोली लवकर धरावी लागते, तेव्हा व्हिसाचा अर्ज भरण्याआधीच काय ते ठरवा.